ते चार इंजेक्टर एक्स्चेंजमध्ये देऊ नका

दोडामार्गच्या एका काजू बागायतदार वाचकाची अडचण अशी. २०१२ ची स्कॉर्पिओ फोर बाय फोर, रनिंग २ लाख ६० हजारांच्या पुढे. सकाळी स्टार्टिंगचा त्रास, घाटात काळा धूर. म्हापशाच्या एका गॅरेजवाल्याने चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे भाग) बाद ठरवले आणि ७२ हजारांत ‘कंपनीचे नवे’ बसवून दिले. पाच महिन्यांत इंजिन बसलं. कुडाळच्या मिस्त्रीने इंजेक्टर काढून आत कॅमेरा घातला, तर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक. तो म्हणतो, हे इंजेक्टर नवे नव्हतेच, रिकंडिशन म्हणजे जुनेच दुरुस्त केलेले आहेत. वाचक विचारतात: पैसे परत मिळतील का? केस गोव्यात लढावी लागेल का? हंगामातली पर्यटकांच्या भाड्याची बुकिंग बुडाली, त्याचे दीड लाख मागता येतील का? आणि शेवटी जाता जाता लिहितात, ‘हे चार एक्स्चेंजमध्ये दिले तर मिस्त्री नव्या सेटमध्ये १२ हजार कमी करतोय, म्हणून देऊन टाकतो.’

वकीलसाहेब म्हणून पत्र लिहिलंत ना, मग आधी हे ऐका: देऊ नका. तुमची अख्खी केस कुडाळच्या मिस्त्रीच्या रॅकवर पडली आहे, आणि १२ हजारांसाठी तुम्ही ती भंगारात घालायला निघालात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ३८(२)(सी) पाहा. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग तक्रारदाराकडून तो नमुना घेतो, सील करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. फी आधी तुम्हाला भरावी लागते आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यावा, असं कायदा म्हणतो. १९८६ च्या जुन्या कायद्यातही कलम १३(१)(सी) मध्ये हेच होतं. तेव्हापासून गाड्यांच्या कितीतरी तक्रारी एकाच वाक्यावर फेटाळल्या गेल्या आहेत: तज्ज्ञाचा पुरावा नाही. नमुनाच नसेल तर आयोग पाठवणार काय?

‘मिस्त्री म्हणाला’ याला तिथे फारसं वजन नाही. समोरचा वकील दुसरा मिस्त्री उभा करेल. तो म्हणेल, हाय प्रेशर पंप झिजलेला होता, त्याचा धातूचा कीस रेलमधून, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतून आला आणि नव्या इंजेक्टरची वाट लागली. किंवा म्हणेल, डिझेलमध्ये भेसळ होती. हा बचाव पोकळ नाही. अडीच लाख किलोमीटर धावलेल्या कॉमन रेल इंजिनात खरंच तसं होऊ शकतं. म्हणून इंजेक्टर निघाले त्याच स्थितीत हवेत. पुसायचे नाहीत, डिझेलने धुवायचे नाहीत, ‘बघूया तरी’ म्हणून पंप-नोझलवाल्याच्या टेस्ट बेंचवर चढवायचे नाहीत. तोंडांना टोप्या लावा, प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर लिहा, वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करा. डिझेल फिल्टर आणि टाकीतलं बाटलीभर डिझेलही ठेवा. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडाल तेव्हा तो पिस्टनही.

दुसरा बचाव याहून सोपा असतो: ‘हे इंजेक्टर आमचे नव्हेतच.’ तुमच्याकडे बिल नाही. जीएसटी वाचवायला कच्ची चिठ्ठी घेतलीत आणि तीवर नुसतं ‘इंजेक्टर ४ नग’. कंपनी नाही, सीरियल नंबर नाही, ‘नवे’ हा शब्दही नाही. जुने चार इंजेक्टर तिथेच सोडून आलात. घरी चहाची किटली घेतानाही तुम्ही यापेक्षा जास्त चौकशी केली असती.

इथे गाडीच तुमच्या मदतीला येण्याची शक्यता आहे. बहुतेक कॉमन रेल इंजेक्टरवर एक कोड कोरलेला असतो आणि बसवल्यावर तो स्कॅनरने इसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरायचा असतो. म्हापशाला तो भरला असेल, तर इसीयूतला कोड आणि रॅकवरच्या इंजेक्टरवरचा कोड जुळेल. मग ‘आमचे नव्हेत’ म्हणणं कठीण होईल. इसीयूत अजून मूळचेच कोड असतील, तर ही जोडणी हातची जाईल, पण फिटिंगमध्ये कुचराई झाली असं म्हणायला जागा मिळेल. कुडाळचा मिस्त्री नवा सेट बसवून नवे कोड टाकेल त्या क्षणी हा पुरावा पुसला जाईल. त्याआधी स्कॅनरच्या पडद्याचे फोटो, इंजेक्टरवरच्या कोडचे फोटो, आणि हे सगळं आपण कधी व कसं काढलं याचं मिस्त्रीचं प्रतिज्ञापत्र, एवढं करून घ्या.

हेड उघडण्यापूर्वी म्हापशाच्या गॅरेजला लेखी कळवा की अमुक दिवशी अमुक वाजता इंजिन उघडतो आहोत, हजर राहा. स्पीड पोस्टाने पाठवा, व्हॉट्सॲपवरही टाका. आला नाही तर त्याची मर्जी. त्यानंतर गाडी दुरुस्त करायला सहसा हरकत नसते, निकालापर्यंत ती उभी ठेवण्याची गरज मला दिसत नाही.

तुम्ही म्हणता, म्हापशाच्या गॅरेजवाल्याचा एक व्हॉइस मेसेज आहे, ‘एकदम नवीन पीस घातलेत, टेन्शन घेऊ नका.’ हा सोन्यासारखा आहे. फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र तक्रारीला जोडा. रिकंडिशन माल नवा म्हणून विकणं आणि बिल न देणं, दोन्ही ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. ७२ हजारांपैकी जेवढे यूपीआयने गेले तेवढ्याची नोंद बँकेत आहे. रोख दिलेल्यांचं तुमचं नशीब.

आता दीड लाख. गाडीची नंबरप्लेट पांढरी असेल तर ही मागणी सोडून द्या. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाड्याने पर्यटक नेत होतो, हे तुम्ही स्वतःच्या सहीने कबूल करणार आणि मोटार वाहन कायद्याचं परमिटचं कलम ६६ ओढवून घेणार. वर समोरचा म्हणेल, गाडी व्यावसायिक कामाची, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यांसाठी ग्राहक कायद्याच्या कलम २(७) मध्ये अपवाद आहे, पण तो तुम्हाला लागू पडेल का ते तुमच्या काजूच्या बागेचं आणि या भाड्यांचं प्रमाण पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तक्रारीत खोटं लिहू नका, एवढंच आत्ता सांगतो. इंजिन दुरुस्तीचा खर्च मागा. तो पूर्ण मिळेलच असं नाही, गाडीचं वय त्यात वजा होऊ शकतं.

गोव्यात जायची गरज नाही. कलम ३४(२)(डी) प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा आयोगात तक्रार चालते. ऑनलाइन दाखल करा. तुम्ही गॅरेजला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत आहे, त्यामुळे फी नाही. मुदत दोन वर्षांची, कलम ६९. ती फिटिंगच्या तारखेपासून धरा, वाद नको. नोटिसा पाठवत बसल्याने मुदत थांबत नाही, आणि ‘बघू, करू’ या आश्वासनाने तर नाहीच. तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल शक्यतो पाच महिन्यांत द्यावा असं कायद्यात छापलं आहे. छापलेलं वाचून हसू येतं, पण म्हणूनच प्रयोगशाळेसाठीचा अर्ज पुढच्या तारखेला देऊ म्हणू नका, तक्रारीसोबतच द्या. तुमच्या वकिलाने ‘नंतर पाहू’ म्हटलं तर वकील बदला.