राजीनामा देण्याआधी पॉलिसी वाचा

प्रश्न: आमच्या सात वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा जन्मजात आजार. धाकट्या भावाशी एचएलए (ट्रान्सप्लांटआधी तपासतात तो पेशींचा प्रकार) जुळलंय. बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी हॉस्पिटलने १४ लाखांचा अंदाज दिलाय. मी नोकरी सोडून तिच्याजवळ राहायचं आणि यांची दोन एकर शेती विकायची, असं ठरतंय. यांचं दुकान आहे. विमा फक्त माझ्या कंपनीचा, ५ लाखांचा. हे बरोबर आहे का?

उत्तर: ताई, शेतीचं नंतर बघू. आधी राजीनामा थांबवा.

नोकरी सुटली की मुलीचं कव्हरही जातं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत जुना आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. बाहेर नवी पॉलिसी मागितलीत तर थॅलेसेमिया म्हटल्यावर बहुधा नकार येईल, नाहीतर तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ लागेल. जिने उशाशी बसायचं तिच्याच हजेरीवर लेकीचा विमा टांगलेला, हा सरळ अन्याय आहे. पण आज पैसा तिथेच आहे. त्यामुळे बिनपगारी रजा मागा आणि रजेत कव्हर चालू राहील हे एचआरकडून मेलवर घ्या. तोंडी 'होईल मॅडम'वर विसंबू नका.

मग पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा बघा. ट्रान्सप्लांटला मूल महिनाभर किंवा जास्तच आयसोलेशन खोलीत, म्हणजे संसर्ग टाळायला वेगळं, ठेवलेलं असतं. मर्यादा दिवसाला ५,००० आणि खोली १०,००० ची असेल, तर फक्त भाडं कापून भागत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मं मंजूर होतं. औषधं आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. आयसोलेशन खोली आयसीयूत धरणार की साध्या खोलीत, हे टीपीएला (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेला) आधीच विचारा. भावाच्या पेशी काढण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, तेही.

हातात थोडा वेळ आहे. रक्त चढवणं आणि त्यातून साठणारं लोह उतरवणारं औषध नियमित असेल, तर महिना-दोन महिने कागदपत्रांना देता येतील का हे हिमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्तविकाराच्या डॉक्टरांना विचारा. फार लांबवू मात्र नका, लोह यकृतात साठत जातं. त्या वेळात कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत अर्ज टाका. जुळणारं भावंड असलेल्या मुलांना त्यातून १० लाखांपर्यंत मदत मिळते. वय-उत्पन्नाच्या अटी आहेत, अर्ज यादीतल्या हॉस्पिटलमार्फत जातो आणि पैसेही थेट हॉस्पिटलला मिळतात. म्हणजे हॉस्पिटल निवडण्याआधी यादी बघायची. बोरिवलीच्या महापालिकेच्या केंद्रातही असे ट्रान्सप्लांट होतात. तिथलाही अंदाज घ्या. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर वार्षिक उत्पन्न ३ लाख ६० हजारांच्या आत असल्यास दुर्बल घटकांसाठी राखीव खाटेची सवलत मागता येते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज बिल भरण्याआधीच करायचा, भरलेल्या बिलाची परतफेड तिथे होत नाही.

१४ लाखांत काय धरलेलं नाही, ते लेखी मागा. बुरशीच्या संसर्गाची औषधं, जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी मुलीच्या शरीरावरच हल्ला करतात तो त्रास) झाल्यास त्याचे उपचार आणि डिस्चार्जनंतर हॉस्पिटलजवळ साधारण तीन महिने राहणं बहुतेकदा बाहेरच असतं. माझ्या मते यासाठी किमान ३ लाख बाजूला हवेत. हे पैसे नोकरी न सोडता पीएफच्या आजारपणाच्या ॲडव्हान्समधून काढा, कमी पडले तर सोनं तारण ठेवा. सावकाराकडे नको.

एवढं करूनही तूट राहिली तरच शेती, आणि तीही एकच एकर. सातबाऱ्यावर आणखी नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतील, म्हणून त्यांच्याशी बोलणं आजच सुरू करा. गिऱ्हाईकाला मात्र ॲडमिशनची तारीख सांगू नका. नड दिसली की भाव पडतो.