पंप मित्राच्या बॅगेत

प्रश्न : मी आणि मित्र एमटीबीवर (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकलीवर) पुणे ते महाबळेश्वर जातोय, साधारण १२० किमी, सामानासकट. तो सुसाट, मी कासव. जमेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : जमेल की! पण ते जाड खाचांचे टायर आधी काढा, डांबरावर नुसते घरघरतात आणि पायातला जीव काढतात, १.५ इंची गुळगुळीत टाका. सामान कॅरियरला, पाठीवर घेतलं तर खंबाटकी घाटातच मान धरेल. एका दिवसात मारामारी कशाला, वाईला मुक्काम करा न् सकाळी गारव्यात पसरणी घाट चढा, अगदी हलक्या गिअरवर. हळू चालवणारा कायम पुढे, म्हणजे तुम्हीच. पंक्चरचं सामान मात्र दोघांकडे वेगवेगळं हवं, आमचा एकुलता पंप पुढे गेलेल्या मित्राच्या बॅगेत होता, दोन किलोमीटर सायकल ढकलली राव!