बसच्या आधीचं विचार

अगं,

बॉस्टनच्या जुन्या लोकांच्या मुलाखतींसाठी केलेली तुझी प्रश्नांची यादी वाचली. पहिलाच प्रश्न ‘बसिंग (म्हणजे कोर्टाच्या हुकुमाने काळ्या-गोऱ्या मुलांना बसने एकमेकांच्या भागातल्या शाळांत पाठवणं) बरोबर होतं की चूक’ हा आहे, तो आधी काढून टाक. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला, गोऱ्यांचं साउथ बॉस्टन असो नाहीतर काळ्यांची रॉक्सबरी, तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे याचं उत्तर पाठ आहे, तू विचारलंस की ते कॅसेट लावल्यासारखं सुरू होणार आणि तुझा तास तिथेच संपणार. त्यापेक्षा सकाळ विचार. किती वाजता उठवलं, बसपर्यंत सोडायला कोण आलं, निघताना आई काय म्हणाली, बसमध्ये खिडकीशी बसलात की आत. खिडकीचं मुद्दाम सांगतेय. 12 सप्टेंबर 1974 ला, पहिल्याच दिवशी, साउथ बॉस्टन हायस्कूलमधून काळ्या मुलांना घेऊन परत निघालेल्या बसवर दगड पडले, काचा फुटल्या, मुलांना लागलं, पुढे किती दिवस बसच्या मागेपुढे पोलिसांच्या मोटारसायकली असायच्या. त्या बसमधल्या बाईला कोर्टाबद्दल विचारलंस तर ती चार वाक्यं बोलेल, पण सीट विचारलीस तर कुठली बाजू, शेजारी कोण, खाली कोण वाकलं सगळं सांगत बसेल.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोण गोष्ट कुठल्या तारखेपासून सुरू करतं ते वहीत टिपून ठेव. साउथ बॉस्टनचे आयरिश लोक (ते साउदीच म्हणतात, तूही तसंच म्हण) बहुतेक करून 21 जून 1974 पासून सुरू करतील, म्हणजे बॉस्टनच्या शाळांत काळी-गोरी मुलं मुद्दाम वेगळी ठेवलीयेत, असा जज गॅरिटीचा निकाल आला तेव्हापासून. आधी सगळं छान चाललेलं, मग वेलस्लीसारख्या श्रीमंत गावात राहणारा जज आला आणि आमच्या पोरांना बसमध्ये कोंबलं, अशी ती गोष्ट. रॉक्सबरीतली बाई मात्र तुला थेट 1963 ला नेईल. तेव्हा रूथ बॅटसन आणि एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची मंडळी शहराच्या शाळा चालवणाऱ्या स्कूल कमिटीसमोर जाऊन सांगत होती की आमच्या मुलांच्या शाळा वेगळ्या पाडल्यात आणि पडक्या आहेत, आणि कमिटी हे मान्यच करायला तयार नव्हती. 1965 ला राज्याने कायदा केला, निम्म्याहून जास्त मुलं गोरी नसतील ती शाळा असंतुलित धरायची, ते दुरुस्त करायचं, तर कमिटीने तो वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवला. त्याच वर्षी एलन जॅक्सन आणि इतर पालकांनी स्वतः पैसे जमवून, बस ठरवून, आपली मुलं दुसऱ्या भागातल्या रिकाम्या जागा असलेल्या शाळांत पाठवायला सुरुवात केली, ऑपरेशन एक्सोडस नाव त्याचं. म्हणजे कोर्टाच्या नऊ वर्षं आधी बस होतीच, पदरमोड करून केलेली, आणि तेव्हा तिच्यावर कोणी दगड मारायला रस्त्यावर उतरलं नव्हतं. म्हणून प्रत्येकाला विचार, 1974 च्या आधी तुमची शाळा कशी होती, पुस्तकं होती का, छत गळायचं का. बसच्या मागे ही सगळी शाळा झाकली गेलीये.

साउदीच्या माणसाला मात्र लगेच रेसिस्ट लेबल लावून मोकळी होऊ नकोस. त्याच्या रागात खरं काहीतरी आहे. गॅरिटीच्या निकालानंतर साधारण महिनाभराने, 25 जुलै 1974 ला, सुप्रीम कोर्टाने डेट्रॉइट शहराच्या अशाच केसमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की उपनगरांनी स्वतः काही केल्याचं सिद्ध होत नाही तोवर त्यांना यात ओढता येणार नाही. झालं, वेलस्लीची मुलं सुटली, आणि अदलाबदल कोणाची, तर गरीब गोऱ्यांची आणि गरीब काळ्यांची, दोन्हीकडच्या शाळा यथातथाच. हा राग समजण्यासारखा आहे पण दगड सुप्रीम कोर्टावर पडले नाहीत ना, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांवर पडले. तेव्हा ‘तुम्ही होतात का तिथे’ असं विचारू नकोस, नाहीच म्हणतील. ‘त्या दिवशी तुम्ही कुठे उभे होतात’ असं विचार.

आणि ‘आम्हाला फक्त जवळची शाळा हवी होती’ हे वाक्य तुला शंभरदा ऐकू येईल. आपल्याकडचंच बघ, 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने आरटीईखाली गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांच्या नियमातून अशा खासगी शाळा वगळल्या ज्यांच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे. जवळ आहे ना, मग तिकडे जा! हायकोर्टाने जुलैत ते रद्द केलं. जवळची शाळा हे कारण कोणाच्या तोंडी केव्हा येतं ते बघत जा.

एक सापळा सांगते. 5 एप्रिल 1976 चा सिटी हॉल प्लाझाचा फोटो तुला माहितीच आहे, बसिंगविरोधी मोर्चातला एक गोरा मुलगा झेंड्याची काठी घेऊन टेड लँड्समार्क या काळ्या माणसाच्या अंगावर धावतोय तो. लँड्समार्क वकील होते, वेगळ्याच मीटिंगला निघालेले, मोर्चाशी त्यांचा संबंध नव्हता. त्या फोटोला पुलित्झर मिळालं, जगभर छापून आला, आणि आता तो अर्ध्या शहराची आठवण होऊन बसलाय. कोणी सांगायला लागलं की शांतपणे विचार, तुम्ही कुठल्या बाजूने बघत होतात. फोटोचाच अँगल सांगितला तर समजून जा, खोटं पाडू नकोस, फक्त नोंद कर.

बाकी फक्त साउदी-रॉक्सबरीवर अडकू नकोस. पहिल्या दिवशी बहुतेक शाळांत काहीच झालं नाही, त्या शाळांतली माणसं कोणी विचारतच नाही. चायनाटाउनच्या आया, ज्यांनी 1975 ला मुलांच्या सुरक्षेसाठी बहिष्कार टाकला. स्पॅनिश बोलणारे पालक, जे आपल्या मुलांच्या भाषेचा प्रश्न घेऊन त्याच कोर्टात उभे राहिले. बसमध्ये मॉनिटर म्हणून, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायला, बसणाऱ्या बायका तर शोधच, त्यांनी रोज दोन्ही टोकं बघितलीयेत, आणि आता वयं झालीयेत गं त्यांची, तेव्हा लायब्ररीचं काम नंतर कर.

नवरा-बायकोला एकत्र बसवू नकोस, एकच बोलतो. शिव्या, घाण शब्द जसे आले तसेच टाइप कर. पहिल्या दोन मुलाखती झाल्या की ऑडिओ पाठव, मी ऐकून रविवारी फोन करते, तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा.

तुझी,
मावशी