पेपर रोज सोडवतोय, बँड हलत नाहीये

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त आयल्ट्सचे, म्हणजे परदेशात शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेचे आहेत. बँड म्हणजे त्यात 9 पैकी मिळणारा स्कोअर. आपल्याकडे सगळे घाबरतात स्पीकिंगला, पण विचारलंय मात्र लिसनिंग आणि रीडिंगचं, म्हणून अख्खा कॉलम त्यावरच लिहितोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : सर, मी पाचोऱ्याचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, नंतर मेकॅनिकलला जळगावला होतो. लिसनिंग 5.5 वर अडकलंय. रोज एक पेपर सोडवतो, रात्री सबटायटल लावून इंग्लिश सिरीज बघतो. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि आन्सर की बघितली की उत्तरं चुकलेली. अजून किती पेपर सोडवू?

भाऊ, अजून नको, उलट कमी कर. तू रोज पेपर देतोयस म्हणजे रोज स्वतःची परीक्षा घेतोयस, अभ्यास त्यात कुठंच नाही. वजन काट्यावर रोज उभं राहिलं म्हणून कोणाचं वजन कमी होत नाही. आठवड्याला एक पूर्ण पेपर खूप झाला, बाकीचे दिवस त्याच पेपरची चिरफाड कर.

आता चिरफाड कशी करायची ते सांगतो. समजा लिसनिंगच्या चार भागांपैकी पार्ट टू सोडवला आणि दहापैकी सहा बरोबर आले. लगेच की मधून बाकीची चार उत्तरं बघू नकोस, फक्त कुठले नंबर चुकले तेवढं कळू दे (ताईला नाहीतर रूममेटला तपासायला सांग, बघायचा मोह होत नाही). मग तोच ऑडिओ परत लाव आणि वेगळ्या रंगाच्या पेनाने चुकलेली उत्तरं परत लिही. दुसऱ्यांदा ऐकून जमलं तर तुझं इंग्रजी ठीक आहे, लक्ष सुटलं होतं किंवा प्रश्न आधी वाचून ठेवला नव्हता. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर ट्रान्सक्रिप्ट (ऑडिओतलं बोलणं छापलेलं असतं ती) उघड आणि नेमकी ती ओळ शोध. तिथं तीन गोष्टींपैकी एक निघते. एक म्हणजे तो शब्दच माहीत नव्हता, तो वहीत लिहायचा, संपलं. दुसरी, शब्द माहीत होता, छापलेला बघितला की तू म्हणतोस अरे हा तर मला येतो, पण कानाला ओळखू आला नाही. तिसरी, ऐकला पण बरोबर, आणि लिहिताना शेवटचा एस खाल्ला नाहीतर स्पेलिंग चुकवलं.

मराठी मीडियमच्या पोरांचं बहुतेक सगळं दुखणं त्या दुसऱ्या प्रकारात असतं. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो, सरांनी फळ्यावर लिहिलं आणि आपण जसं लिहिलंय तसं प्रत्येक अक्षर वाचलं. तिकडचा माणूस तसं बोलतच नाही. 'लास्ट वीक' मधला ट गिळतो, 'लास् वीक' ऐकू येतं. 'अँड' चा नुसता 'अन्' होतो, 'ऑफ' चा 'अव्', 'कॅन' चा 'कन्', आणि ब्रिटिश माणूस 'कान्ट' म्हणतो तेव्हा आपला कान 'कॅन्ट' ची वाट बघत बसलेला असतो. 'थर्टीन' आणि 'थर्टी' मध्ये आपण शेवटचा न शोधतो, पण खरा फरक जोर कुठं दिलाय त्यात आहे, थर्टीला सुरुवातीच्या भागावर आणि थर्टीनला सहसा शेवटच्या भागावर. फोन नंबरात 'ओ' म्हणजे झिरो आणि 'डबल फोर' म्हणजे 44, हे आपल्याला येतं म्हणून पोरं दुर्लक्ष करतात आणि पार्ट वनमधले फुकटचे मार्क घालवतात. आडनावाचं स्पेलिंग सांगतात तेव्हा जी आणि जे, ई आणि आय यात तर हमखास घोटाळा.

त्यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. चुकलेल्या जागेच्या आसपासची तीनचार वाक्यं घे, थांबवत थांबवत शब्द न् शब्द लिहून काढ, शाळेतलं शुद्धलेखन असायचं तसं. मग ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघ आणि जिथं चुकलं तिथं स्वतः त्यांच्यासारखं तोंडाने बोल, त्याच वेगाने, घरचे हसले तरी चालेल. तोंडातून एकदा 'लास् वीक' निघालं की पुढच्या वेळी कानाला ते ओळखीचं वाटतं. ऑडिओचा स्पीड कमी करायचा मोह टाळ, परीक्षेत रेकॉर्डिंग त्याच वेगाने आणि एकदाच वाजतं. भुसावळ स्टेशनवर अनाउन्समेंट तीन भाषांत, आणि वरून परत परत होते, तरी आपण शेजारच्याला विचारतोच ना कुठला प्लॅटफॉर्म म्हणून, ती सवय इथं महागात पडते.

सिरीज बघ, पण सबटायटल लावलं की तुझं रीडिंग होतं, लिसनिंग नाही. त्यापेक्षा बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे एपिसोड घे, फुकट आहेत आणि ट्रान्सक्रिप्ट मिळते. आधी नुसतं ऐकायचं, मग परत ऐकायचं, वाचायचं सगळ्यात शेवटी.

अजून एक, पेपरवाले मुद्दाम चकवतात. बाई म्हणते बुधवारी येते, मग म्हणते नाही नाही बुधवारी माझी मीटिंग आहे, गुरुवार करा. पहिला वार ऐकून लिहून मोकळं झालेलं पोरगं चुकतं. बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण संपेपर्यंत पेन्सिल हलकी ठेव. आणि एखादं उत्तर सुटलं तर सोड, त्याच्यामागे रडत बसलास की पुढची दोन जातात, पार्ट फोरमध्ये तर जास्तच कारण तिथं लेक्चर सलग चालतं, मध्ये थांबा नाही.

हिशोब पण बघ, म्हणजे हुरूप येईल. 40 पैकी साधारण 23 बरोबर आले की 6 बँड, 30 आले की 7. म्हणजे अख्ख्या एका बँडचं अंतर सातेक प्रश्नांचं आहे, आणि त्यातले दोनतीन तर तू आत्ताच एस आणि स्पेलिंगमध्ये सांडतोयस.

प्रश्न : मी अमळनेरची, बीएस्सी नर्सिंग झालंय, इंग्लंडला जायचं आहे. रीडिंगमध्ये तिसरा पॅसेज कधीच पूर्ण होत नाही. शेवटच्या आठदहा प्रश्नांना अंदाजे काहीतरी लिहून येते. ड्युटी करून अभ्यास करते त्यामुळे वेळही कमी. आयल्ट्स सोडून ओईटी द्यावी का?

ताई, आधी ओईटीचं, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचं. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, दोन्ही परीक्षा चालतात. आयल्ट्स अॅकॅडमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग प्रत्येकात 7 आणि रायटिंगला 6.5 लागतात, ओईटीमध्ये त्या तिघांत बी ग्रेड आणि रायटिंगला सी प्लस. फॉर्म भरायच्या आधी त्यांच्या साइटवर एकदा बघून घ्याच, असे नियम बदलत असतात. ओईटीचे उतारे आणि ऑडिओ सगळे दवाखान्यातले, पेशंटशी बोलणं, वॉर्डातल्या सूचना, त्यामुळे तुम्हाला शब्द ओळखीचे लागतील. पण वेळ तिथं जास्त मिळतो असं समजून जाऊ नका. ओईटीच्या रीडिंगच्या पहिल्या भागात चार छोटे मजकूर आणि 20 प्रश्न, सगळं 15 मिनिटांत, आणि 15 मिनिटं झाली की तो भाग गेला. तुमची अडचण वेगाची आहे, ती परीक्षा बदलून सुटत नाही. दोन्हींचा एकेक सॅम्पल पेपर घड्याळ लावून सोडवा, मग ठरवा, कोणी क्लासवाला म्हणतो म्हणून नको.

आता वेगाचं बघू. आयल्ट्सला 60 मिनिटं, तीन उतारे, 40 प्रश्न आणि उतारे मिळून दोन हजारांच्या वर शब्द. बहुतेक जणी पहिला उतारा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मनात मराठी करत वाचतात, मग प्रश्न बघतात, मग परत उतारा वाचतात, आणि तिथंच 25 मिनिटं गेलेली असतात. पहिला उतारा सहसा सोपा असतो, तो 15 ते 17 मिनिटांत सोडून पुढं जायचंच, एखादा प्रश्न राहिला तरी. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे रिकामं काहीच ठेवायचं नाही. आणि लक्षात ठेवा, परीक्षा कागदावर असेल तर लिसनिंगनंतर उत्तरं उतरवायला 10 मिनिटं देतात, रीडिंगला तशी देत नाहीत, उत्तरं सोडवता सोडवताच आन्सर शीटवर लिहायची.

कुठल्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात क्रमाने येतात हे माहीत असलं की शोधाशोध निम्मी होते. ट्रू-फॉल्स, गाळलेल्या जागांची वाक्यं, मल्टिपल चॉइस, हे क्रमाने असतात, तिसऱ्याचं उत्तर सापडलं की चौथ्यासाठी त्याच्या खाली बघायचं. कुठली माहिती कुठल्या परिच्छेदात आहे असं विचारतात ते मात्र क्रमाने नसतं, ते शेवटी घ्या, तोवर उतारा आपोआप डोक्यात बसलेला असतो.

ड्युटीमुळे रोज तास मिळत नाही म्हणता, मग पंधरा मिनिटांचा एक व्यायाम सांगतो, नाइट ड्युटीच्या ब्रेकमध्ये पण होतो. इंग्रजी पेपरातला विज्ञान किंवा आरोग्यावरचा लेख घ्यायचा, एक परिच्छेद वाचायचा, मोबाइल उलटा ठेवायचा आणि यात काय म्हटलंय ते मराठीत एका वाक्यात स्वतःला सांगायचं. सांगता नाही आलं तर परत वाचायचं. परिच्छेदांना हेडिंग जुळवायच्या प्रश्नात हेच लागतं. आणि डिक्शनरी लगेच उघडू नका, आधी आजूबाजूच्या वाक्यावरून अर्थ ताडा. वही करायचीच असेल तर सुट्या शब्दांची नको, जोड्यांची करा. प्रश्नात 'चिल्ड्रन' असतं आणि उताऱ्यात 'द यंग', प्रश्नात 'रिड्यूस' आणि उताऱ्यात 'कट डाउन', शंभरेक अशा जोड्या स्वतः पेपरांतून वेचल्यात की डोळा आपोआप तिथं जाऊन थांबायला लागतो.

प्रश्न : रावेर तालुक्यातून लिहितोय. नॉट गिव्हन आणि फॉल्स यात कायम गोंधळ होतो, सोप्या भाषेत सांगा.

रीडिंगच्या या प्रश्नात उताऱ्यावरून विधान ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन ते लिहायचं असतं. तुमच्याच शेतातलं उदाहरण घेऊ. समजा उताऱ्यात एवढंच लिहिलंय : या भागातले बहुतेक शेतकरी केळीला ठिबकने पाणी देतात. आता पहिलं विधान, 'या भागातले सगळे शेतकरी ठिबक वापरतात'. उतारा म्हणतो बहुतेक, विधान म्हणतं सगळे, दोघांचं जमत नाही, म्हणून फॉल्स. दुसरं विधान, 'ठिबकमुळे पाण्याची बचत झाली'. रावेरचा पोरगा इथं डोळे झाकून ट्रू लिहितो, कारण त्याने घरी बघितलंय. पण उताऱ्यात बचतीचं अवाक्षर नाही, म्हणून नॉट गिव्हन. उतारा विधानाला उलटं उत्तर देतो का हे बघायचं, देत असेल तर फॉल्स, गप्प बसला असेल तर नॉट गिव्हन. आपल्याला काय माहीत आहे ते परीक्षा हॉलच्या बाहेर चपलांशेजारी ठेवून जायचं. सगळे, फक्त, नेहमी, पहिला, असले शब्द विधानात दिसले की पेन्सिलने गोल करा, खोड बहुतेक तिथंच असते. आणि एका प्रश्नावर दीडदोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, शोधून शोधून सापडतच नाहीये म्हणजे बऱ्याचदा ते नॉट गिव्हनच असतं.

प्रश्न : आम्ही शहाद्याकडचे. घरात अहिराणी आणि गुजराती, शाळा मराठी. मुलीला इंग्रजी ऐकायला जड जातं ते त्यामुळेच का? पुण्याला क्लासला ठेवावं का?

अहिराणीला दोष देऊ नका दादा. लिसनिंगला तुमच्या मुलीचा उच्चार कोणी तपासत नाही, तिने काय लिहिलं तेवढंच बघतात. ऑडिओत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे वेगवेगळे उच्चार येतात, आणि ज्या पोरीला बाजारात चार तऱ्हेची बोली ऐकून व्यवहार करता येतो तिला बोलण्याचा सूर बदलला म्हणून घाबरायचं कारण नाही. तिला इंग्रजी ऐकायचा सराव नाही एवढंच आहे.

पुण्याचं म्हणाल तर रायटिंग आणि स्पीकिंग तपासायला माणूस लागतो, त्यासाठी क्लास लावा हवा तर, ऑनलाइनही चालेल. लिसनिंग-रीडिंगला की आणि ट्रान्सक्रिप्ट हेच मास्तर. फक्त साहित्य खरं वापरा. आयल्ट्स चालवणाऱ्या आयडीपी आणि ब्रिटिश कौन्सिल या संस्थांच्या साइटवर फुकट नमुना पेपर आहेत, केंब्रिजची अधिकृत सरावाची पुस्तकं मिळतात. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये कीच चुकीची असते, पोरं बरोबर उत्तर लिहून स्वतःला ढ समजतात. आणि पैसे घेऊन आधी पेपर देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला हाकलून द्या.

परीक्षेला बाहेरगावी जायचं असेल तर आदल्या दिवशीच पोचा. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हलत जाऊन सकाळी लिसनिंगला बसवू नका तिला, कान सुन्न झालेले असतात.

प्रश्न : (धुळे, चोपडा, चाळीसगाव, तिघांचे एकत्र) अमेरिकन स्पेलिंग चालतं का? सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तर? आणि शब्दांची मर्यादा ओलांडली तर अर्धा मार्क मिळतो का?

स्पेलिंग ब्रिटिश किंवा अमेरिकन, दोन्ही चालतं. सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तरी चालतं, अक्षर वाईट असणाऱ्यांनी तसंच लिहावं. अर्धा मार्क वगैरे काही नसतं, दोन शब्दांत लिहा म्हटलं आणि तीन लिहिले की उत्तर गेलं. मध्ये हायफन असलेला जोडशब्द एकच धरतात. सूचना दर काही प्रश्नांनी बदलते, कधी एक शब्द, कधी दोन शब्द आणि एक आकडा, त्यामुळे प्रत्येक वेळी ती ओळ वाचायची.