मुलाने ट्रकला ट्युनिंग बॉक्स बसवला, आता त्याला त्यातच करिअर करायचंय

प्रश्न : माझे स्वतःचे दोन ट्रक आहेत. मुलगा 19 वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याने ऑनलाइन ट्युनिंग बॉक्स मागवला आणि एका ट्रकच्या इंजिनाला स्वतःच बसवला. खरं सांगायचं तर गाडी चढाला चांगली ओढायला लागली, ड्रायव्हरही खूश आहे. डॅशबोर्डवर ॲव्हरेज वाढलेलं दिसतं. फक्त जोरात रेटली की काळा धूर सोडते. आता मुलगा म्हणतो, डिप्लोमा सोडतो, ट्युनिंगचं दुकान टाकतो, तुम्ही भांडवल द्या. मला यातलं इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही. अडवलं तर त्याचं मन मोडेल, मोकळं सोडलं तर शिक्षण हातचं जाईल. काय करू?

उत्तर : नमस्कार. तुम्हाला यातलं कळत नाही असं तुम्ही म्हणता, पण गाडी ओढते हेही लिहिलंत आणि काळा धूर येतो हेही लिहिलंत. मुलाच्या सांगण्यात बहुधा पहिलीच गोष्ट असते. दुसरी तुमच्या नजरेला खटकली, आणि या धंद्यात तीच नजर लागते.

आधी थेट उत्तर देतो. डिप्लोमा सोडू देऊ नका. ट्युनिंगही सोडायला लावू नका. दुकानासाठी आत्ता भांडवल देऊ नका, पण मोजमापाची उपकरणं लागतील ती घेऊन द्या. असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो. हे पत्र मुलालाही वाचायला द्या. मी करिअर मार्गदर्शनाकडे वळण्यापूर्वी बरीच वर्षं डिझेल इंजिनांवर काम केलं आहे, त्यामुळे त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला चांगलं कळतं. पहिल्यांदा गाडीचा पिकअप आपल्या हाताने बदलतो ना, तो दिवस माणूस विसरत नाही.

आता तो बॉक्स नेमकं काय करतो ते बघू. आजच्या डिझेल इंजिनात पंप डिझेलला प्रचंड दाबाने एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरून ठेवतो. हा दाब 1600 ते 2000 बार, काही इंजिनांत त्याहून जास्त असतो. रेलवर एक प्रेशर सेन्सर असतो. तो दाबाच्या प्रमाणात साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टचा सिग्नल ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला पाठवतो. बाजारात मिळणारा साधा बॉक्स या सेन्सरच्या आणि ईसीयूच्या मध्ये जाऊन बसतो. समजा रेलमध्ये खरा दाब 1400 बार आहे. बॉक्स ईसीयूला सांगतो, 1250 आहे. ईसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो वाढवायला लावतो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल पूर्वीइतकाच वेळ उघडतो, पण दाब जास्त असल्याने तेवढ्याच वेळात डिझेल जास्त पडतं. ताकद वाढते ती अशी. ईसीयूच्या कानात खोटं सांगून.

तुमच्या पत्रातल्या दोन्ही कोड्यांचं उत्तर या खोटं सांगण्यात आहे. किती हवा आत आली आणि तिच्यात किती डिझेल नीट जळेल याचा हिशेब ईसीयू सतत करत असतो. धूर होऊ नये म्हणून तो डिझेलवर मर्यादा घालतो. पण डिझेल किती जातंय हे तो दाब आणि वेळ यांवरून काढतो. दाबाचा आकडाच चुकीचा मिळाला तर मर्यादाही चुकते. मग हवेच्या मानाने डिझेल जास्त होतं आणि न जळलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. आणि ॲव्हरेज? डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज त्याच चुकलेल्या हिशेबातून येतं. जास्त डिझेल जात असताना ईसीयू कमीच मोजतो, म्हणून आकडा सुंदर दिसतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. टाकी काठोकाठ भरा, नेहमीचा लोड घेऊन नेहमीच्या रस्त्याने चालवा, परत काठोकाठ भरा आणि लिटर मोजा. दोन-तीन फेऱ्या अशा केल्या की खरं ॲव्हरेज कळेल.

धुराइतकी सहज न दिसणारी गोष्ट म्हणजे उष्णता. जास्त डिझेल म्हणजे एक्झॉस्टचं तापमान जास्त. भरलेली गाडी लांब चढावर मोठ्या गिअरमध्ये रेटत नेली की टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, आधी मॅनिफोल्डमधलं (एक्झॉस्टच्या जाड नळीतलं) तापमान झपाट्याने चढतं. ते 700 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचून तिथेच राहायला लागलं की जाणकार माणूस पाय काढतो आणि खालचा गिअर टाकतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि खालून ऑइलच्या फवाऱ्याने थंड ठेवलेले असतात. त्या थंडाव्यालाही मर्यादा आहे. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेत असतं. क्लच आणि गिअरबॉक्स एका ठरावीक टॉर्कसाठी, म्हणजे पिळाच्या जोरासाठी, बनवलेले असतात. नव्या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, धूर वाढला की तो लवकर भरतो. यातलं काहीच पहिल्या आठवड्यात बोलत नाही, म्हणून पोरांना वाटतं सगळं ठीक आहे.

माझ्याच हातची एक गाडी सांगतो. मी तेव्हा एका वर्कशॉपमध्ये होतो, वय तुमच्या मुलापेक्षा फार जास्त नव्हतं. एका मालवाहू ट्रकला बॉक्स लावून दिला. मालक इतका खूश झाला की दुसरी गाडी घेऊन आला. काही महिन्यांनी पहिली गाडी टो करून आणली. हेड उघडलं. चौथ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड मेणबत्ती ओघळावी तशी ओघळली होती आणि ॲल्युमिनियमचे बारीक मणी व्हॉल्व्हला चिकटले होते. नोझल काढून टेस्ट बेंचवर लावले तेव्हा कळलं की त्याच सिलिंडरचा नोझल टिपकत होता. तो आधीपासूनच खराब होता. बॉक्सने नवीन आजार दिला नव्हता, जुना वाढवला होता. बसवण्यापूर्वी मी नोझलचं रिटर्न, म्हणजे त्यातून परत जाणारं डिझेल, तपासलं असतं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) बघितलं असतं, तर ते इंजिन वाचलं असतं. त्या मालकाची गाडी इतके दिवस उभी राहिली की मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तेव्हापासून मी मोजल्याशिवाय हात लावला नाही.

म्हणून तुमच्या मुलाला माझं सांगणं असं. बॉक्स बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. दोन कनेक्टर सोडायचे, दोन जोडायचे. जे काम कोणीही अर्ध्या तासात करू शकतं त्यावर दुकान उभं राहत नाही, कारण उद्या गिऱ्हाईक स्वतःच ते करेल. गिऱ्हाईक पैसे देतं ते बॉक्स लावण्याआधी आणि नंतर इंजिनात काय चाललंय हे सांगू शकणाऱ्याला.

तेव्हा बॉक्स काढून ठेवा आणि पहिल्यापासून नीट सुरुवात करा. टर्बोच्या आधी थर्मोकपल, म्हणजे तापमानाचा सेन्सर, बसवून त्याचा मीटर लावायचा. त्यासाठी मॅनिफोल्डला भोक पाडावं लागतं. मॅनिफोल्ड गाडीवरून उतरवूनच ते पाडायचं. गाडीवरच ड्रिल मारला आणि लोखंडाचा एक कीस आत राहिला, तर तो सरळ टर्बोच्या पात्यांवर जातो. घाई करणारे ड्रिलला ग्रीस लावून गाडीवरच काम उरकतात. शिकणाऱ्या मुलाने ते करू नये. वायर एक्झॉस्टपासून लांबून न्यायची, पत्र्यातून आत घेताना रबरी ग्रोमेट घालायचा. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवायचा, नुसती टेप गुंडाळायची नाही. आणि एक गोष्ट अगदी काटेकोर पाळायची : इंजिन चालू असताना हाय प्रेशर लाइनचा नट सैल करायचा नाही, तिथे गळती आहे का हे बोटाने चाचपायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. बाहेरून टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत एवढं नुकसान होतं की बोट किंवा हात जाऊ शकतो. असं कधी झालंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.

मीटर लागला की एक वही करायची. तोच रस्ता, तोच लोड, तोच गिअर. बॉक्स नसताना चढाच्या माथ्यावर तापमान किती, टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, किती, वेळ किती लागला, डिझेल किती गेलं. मग बॉक्स सगळ्यात खालच्या सेटिंगवर लावून तेच परत. दोन पानं शेजारी ठेवून त्याला जे दिसेल ते त्याला कुठल्याही व्हिडिओतून मिळणार नाही. काळा धूर कायम असेल तर बॉक्स उतरवायचा. या मुद्द्यावर तुम्ही मालक म्हणून ठाम राहा.

त्याची तयारी कुठवर आहे हे तुम्हाला बघायचं असेल तर एक प्रश्न देतो. ट्रकमधले कॉम्प्युटर एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात, त्याला कॅन बस म्हणतात. जड वाहनांसाठी त्यावर जे-1939 ही भाषा चालते. या वायरींच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी बंद करून डायग्नोस्टिक सॉकेटवर मल्टिमीटर लावला की निरोगी गाडीत 60 ओहम दिसतात. त्याला विचारा, 120 का नाही? आणि 120 दिसले तर काय बिघडलंय? समांतर जोडणी त्याला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकवलेली असणार. उत्तर आलं तर वर्गातलं शिक्षण त्याच्या गाडीत पोचलंय. नाही आलं तर शिकायचं बाकी आहे हे त्याचं त्यालाच कळेल, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

बॉक्सच्या पुढची पायरी म्हणजे रीमॅप, ईसीयूमधलं सॉफ्टवेअरच बदलणं. त्यात डिझेल, दाब, टायमिंग, बूस्ट, टॉर्कची मर्यादा यांचे तक्ते असतात आणि ते एकमेकांशी बांधलेले असतात. एक हलवला की दुसरा बघावा लागतो. नवीन फाइल लिहिताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर ईसीयू अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकून पडू शकतो, म्हणून बॅटरीला सपोर्ट लावूनच काम करतात. मूळ फाइल आधी वाचून जपून ठेवायची, हा पहिला नियम. हे शिकायला गणित लागतं, इंजिनाचा अभ्यास लागतो, थोडं प्रोग्रॅमिंग लागतं. म्हणजे शिक्षणाचा रस्ता नेमका इथूनच पुढे जातो.

या क्षेत्रात त्याला कोणी ना कोणी एक दिवस म्हणणार : फिल्टर काढून टाक, युरियाची सिस्टीम सॉफ्टवेअरमधून बंद कर, पैसे देतो. इथे मला कडक बोलायचंय. प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा बंद पाडणं बहुतेक देशांत बेकायदा आहे. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केलेलं आहे. त्या धुरात सगळ्यात जास्त वेळ बसतो तो ड्रायव्हर, म्हणजे तुमचीच माणसं. आणि 2015 मधलं फोक्सवॅगनचं प्रकरण त्याला वाचायला सांगा. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं स्वच्छ वागणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत होतं. त्या प्रकरणात कंपनीच्या एका इंजिनिअरला अमेरिकेत 2017 मध्ये 40 महिन्यांची कैद झाली. तोही हुशार माणूस होता, इंजिनाचं सॉफ्टवेअर त्याला उत्तम येत होतं. त्या गाड्यांचं पितळ उघडं पडायला सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांमुळे. त्यांनी धूर मोजणारं यंत्र गाडीत ठेवून ती खऱ्या रस्त्यावर चालवली आणि आकडे लिहून काढले. दोन्हीकडे तेच ज्ञान होतं. आपण कुठल्या बाजूचं काम करायचं हे तुमच्या मुलाने 19 व्या वर्षीच ठरवून टाकावं.

आता रस्ते. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीला जाता येतं, मेकॅनिकल, ऑटोमोबाइल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांत कॅलिब्रेशन इंजिनिअर असतात. त्यांचं काम म्हणजे तुमच्या मुलाला जे हौस म्हणून करायचंय तेच, फक्त डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), कडाक्याच्या थंडीत, उंच डोंगरांत, उन्हाळ्यातल्या वाळवंटात, आणि प्रत्येक आकड्याला पुरावा देऊन. पदवी नको असेल तर टेस्ट बेंचवरचा टेक्निशियन किंवा जड वाहनांचा डायग्नोस्टिक टेक्निशियन होता येतं. तीन वर्कशॉप फिरून न सापडलेला दोष वायरीत शोधून देणाऱ्या माणसाला कामाची कमतरता पडलेली मी पाहिलेली नाही. ईसीयू दुरुस्ती हा वेगळाच धंदा आहे, हात स्थिर आणि डोकं शांत असेल तर उत्तम. इलेक्ट्रिक ट्रक आले तरी कॅन बस राहणार आहे, सेन्सर आणि तक्ते राहणार आहेत. दुकान त्याने जरूर टाकावं, पण यातलं एखादं काम दुसऱ्याच्या हाताखाली तीन-चार वर्षं केल्यावर.

मला वाटतं मुलगा चांगला आहे. त्याने बापाच्या गाडीला हात लावायची हिंमत केली आणि बापाने गाडी दिली, हे दोघांचंही मला आवडलं. आत्ता लगेच करायचं ते एवढंच : काळा धूर येतोय तोवर त्या ट्रकला भरलेला लोड देऊन लांब चढावर पाठवू नका, आणि नोझलचं रिटर्न या आठवड्यात तपासून घ्या. वहीची पहिली दोन पानं भरली की मला पाठवा. आकडे बघून पुढचं मी त्याच्याशीच बोलेन.