नाकातून स्वादुपिंडात घालायची नळी: 4 फ्रेंच की 7?

प्रश्न असा आहे: सासऱ्यांची ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नलिका तपासणं) आहे, स्वादुपिंडातला रस तपासायला नाकातून नळी ठेवणार आहेत, डॉक्टर 4 फ्रेंच (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) म्हणतात, बुजू नये म्हणून जाड टाकायला सांगावी का?

नका सांगू. ‘जाड नळी, चांगला निचरा’ हे एंडोस्कोपी रूममधले जुने लोकही ठणकावून सांगतात आणि गणित अर्धंच मांडतात. आतली त्रिज्या वाढली की प्रवाह तिच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून 5 ऐवजी 7 घातली तर चौपटीच्या आसपास, हे खरं. पण स्वादुपिंड मिनिटाला साधारण एक मिलीलीटर रस सोडतं, तोही पाण्यासारखा पातळ. त्याला चौपट वाहून नेणारा रस्ता हवाय कुणाला?

आता दुसरी बाजू. फ्रेंच म्हणजे मिलीमीटरचा तिसरा भाग: 4 म्हणजे 1.3, 5 म्हणजे 1.7, 7 म्हणजे 2.3 मिमी. स्वादुपिंडाची न फुगलेली मुख्य नलिका त्याच्या डोक्याकडे 3 मिमीच्या आसपास आणि शेपटीकडे जेमतेम 1. तिच्यात 7 फ्रेंच म्हणजे बाटलीला बूच. फाट्यांची तोंडं दाबली जातात, पॅपिला (नलिका आतड्यात उघडते ते तोंड) सुजते, रस अडतो आणि स्वादुपिंडाला सूज येते. बारीक नळीच्या बाजूनेही रस आतड्यात उतरत राहतो, तिचा खरा फायदा तो.

नळी ‘बुजली’ असं वाटतं तेव्हा बहुतेकदा ती सरकलेली असते. ठाण्यातल्या एका रुग्णाची गोष्ट नमुना म्हणून पुरेशी आहे. संध्याकाळपर्यंत पिशवीत स्वच्छ, पाण्यासारखा रस. रात्री ॲम्ब्युलन्सने ऐरोली पूल ओलांडून नवी मुंबईला हलवलं. सकाळी पिशवीत थोडंसंच, तेही पिवळं. नातेवाईक म्हणाले, बारीक नळी टाकली म्हणून. नाकपुडीजवळची मार्करची खूण बघितली तर ती 8 सेंटीमीटर बाहेर! टोक आतड्यात आलं होतं, पिवळेपणा पित्ताचा. मे महिन्यातल्या घामात नाकावरची चिकटपट्टी कधी सुटली, कुणाला कळलंच नाही. नळी जाड असती तरी हेच झालं असतं. म्हणून नाक पुसून कोरडं करून पट्टी, मग गालावर, मग कानामागून एक सैल वेटोळं. आणि खूण दर पाळीला बघायची.

घशात नळीला वळण पडून घडी बसते, तेही एक्स-रेत बघून घ्यावं. नळी तोंडातून नाकात वळवताना घशात वेटोळं राहिलं तर हे होतं.

बंद वाटली तर सिरिंज घेऊन जोरात सलाइन मारू नका. एक-दोन मिलीलीटर, हलक्या हाताने, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. नलिकेत दाब वाढला की सूज ओढवून घेतलीच. सक्शन जोडू नका, पिशवी फक्त खाटेच्या खाली लटकवा. ओढलं तर नळीच्या बाजूची भोकं भिंतीला चिकटतात.

रस पेशींच्या तपासणीला जाणार असेल तर नमुना बर्फावर ठेवून लगेच पोचवा. त्यातली एन्झाइम्स पेशी विरघळवतात. एकदा नाही, अनेकदा घेतात, तेव्हा दुसऱ्या नमुन्याला कुरकुर नको.

एक राहिलं. जुना स्वादुपिंडदाह, खडे, फुगलेली नलिका असेल तर 5 किंवा 7 फ्रेंच योग्यच. आणि नाकातली नळी पू साचलेल्या पोकळीत जाणार असेल तर ते प्रकरणच वेगळं: गाळ घट्ट असतो, तिथे बारीक नळी खरंच बुजते. एमआरसीपीच्या (या नलिकांच्या एमआरआयच्या) रिपोर्टात नलिका किती मिलीमीटर आहे तेवढं बघा आणि डॉक्टरांना विचारा, ‘स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून प्रोसिजरच्या वेळी गुदद्वारातून इंडोमेथॅसिनची 100 मिलीग्रॅमची गोळी देणार का?’ किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर तोही आधी सांगा. नंतर पोटात पाठीपर्यंत कळ गेली, तर ‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका, अमायलेज (स्वादुपिंडाच्या सुजेसाठीची रक्ततपासणी) करायला लावा.