कर्ज काढून ॲव्हरेज करायचं का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चार वर्षांपूर्वी घेतलेला शेअर 45 टक्के पडलाय. निम्मी बचत त्या एकाच कंपनीत अडकलीय. कंपनीचा नफा सलग तीन वर्षं घटतोय, कर्ज वाढतंय. मुलीच्या उच्च शिक्षणाला तीन वर्षांनी पैसे लागणार. आणि ‘अमेरिकेतले नामवंत गुंतवणूकदार वॉरेन बफे म्हणतात, शेअर कायम धरून ठेवा’ या भरवशावर तुम्ही कर्ज काढून ॲव्हरेज करणार आहात, म्हणजे पडलेल्या भावात तेच शेअर आणखी घेऊन सरासरी खरेदी किंमत खाली आणणार आहात.

करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

बफे यांचं ते वाक्य भागधारकांना लिहिलेल्या 1988 सालच्या पत्रातलं आहे, पण तुमच्यापर्यंत ते अर्धंच पोचलंय. धंदा उत्तम असेल आणि चालवणारी माणसंही उत्तम असतील, तर कायम धरून ठेवायला आवडतं, असं ते म्हणतात. त्याच वर्षी त्यांनी कोका-कोलाचे शेअर घ्यायला सुरुवात केली, ते आजही त्यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीकडे आहेत. ही अट तुमच्या शेअरला लागू पडते का, हा खरा प्रश्न.

तुमच्या कंपनीचं वर्णन वाचून मला कोका-कोला नाही, बर्कशायर हॅथवे आठवली. आज अवाढव्य असलेली ही कंपनी 1965 मध्ये बफेंच्या ताब्यात आली तेव्हा रखडत चाललेली कापड गिरणी होती. नवी यंत्रं घ्यावीत, तर स्पर्धकही तीच घ्यायचे. वाचलेला खर्च कापडाचा भाव उतरण्यात जिरून जायचा. कामगार मेहनती होते, व्यवस्थापक प्रामाणिक होते, तरी 1985 मध्ये तो व्यवसाय बंद करावा लागला. मात्र त्याआधीच, 1967 मध्ये, बफेंनी गिरणीच्या कंपनीतला पैसा विमा कंपनी विकत घेण्यात वळवला होता. म्हणजे पडत्या धंद्यात भर घालत बसण्यापेक्षा पैसा तिथून काढून चांगल्या धंद्यात नेला, म्हणून बर्कशायर उभी राहिली. तुम्ही नेमकं उलट करायला निघाला आहात.

आता कर्जाचं. धंदा चांगला असला तरी कर्ज घात करतं. 1998 ते 2000 या काळात बर्कशायरचा शेअर जवळपास 49 टक्के घसरला होता. समजा कुणी 100 चे शेअर घेतले, त्यातले 50 उसने. उरले 51. उसने फेडल्यावर हातात फक्त 1, आणि व्याज वेगळंच. शेअर नंतर सावरला, पण कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर पडत्या भावात विकून बसलेल्याला त्याचा काय उपयोग?

शिक्षणासाठी लागणारी रक्कम याच महिन्यात शेअर विकून मुदत ठेवीत टाका. तोटा पक्का होईल, मनाला लागेल, मला कल्पना आहे. पण कॉलेजची फी बाजार वर यायची वाट बघत नाही. उरलेल्या शेअरसाठी कंपनीचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल काढा. नफ्याच्या आकड्याइतकी रोकड धंद्यातून खरोखर येतेय का, आणि वाढलेलं कर्ज कशात गेलं, एवढंच शोधा. समाधानकारक उत्तर सापडलं नाही तर तेही विका. ती रक्कम इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे विभागून गुंतवणाऱ्या फंडात घाला. बफेंनी पत्नीसाठी ठेवायच्या पैशांपैकी 90 टक्के तशाच फंडात गुंतवायला सांगितलंय. अहवाल वाचून काय दिसलं ते मला कळवा, आणि तोवर कर्जाच्या कागदांवर सही करू नका.